ग्लासापलीकडची बोटं

माझ्या धाकट्या भावाची एकच अट होती. एका हातात ग्लास धरायचा, दुसऱ्या हाताची चार बोटं त्याच्या मागे न्यायची आणि ती मोजता आली पाहिजेत. मोजता आली तर तो पिणार. नाही आली तर ग्लास मोरीत ओतणार आणि रिक्षाची चावी उचलून निघून जाणार. कुठे जाणार हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं, त्याला, मला आणि आईला. पडघ्याकडे जाताना गोडाऊनांच्या मागे हातभट्टीचा एक अड्डा होता.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही भिवंडीतल्या नारपोलीत राहायचो. खाली दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा. मी घराजवळच्या एका सायझिंगमध्ये खळ शिजवायचो. लूमवर चढण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर सूत ठोके खाऊन तुटत राहतं. मक्याचा स्टार्च, पाणी आणि वाफ यांचा मेळ जमवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, पातळही होऊ द्यायचं नाही. मला सगळे मास्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोलू. भाऊ धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा चालवायचा. दोघंही बिनलग्नाचे, त्यामुळे आईचा रोजचा एक सुस्कारा ठरलेला असायचा.

तो प्यायचा. आमच्या घरात कोणी पीत नसे. आई सकाळ-संध्याकाळ वंदना म्हणायची, पंचशील म्हणायची, आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की डोळे मिटूनच भावाच्या दिशेने मान वळवायची. तो तिकडे कानाडोळा करायचा.

मग एका सकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "दादा, आज धुकं पडलंय का रं? सगलं पांढरं दिसतंय."

मे महिना होता. बाहेर रणरणतं ऊन पडलं होतं.

त्याला घेऊन हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याच अड्ड्यावरचे आणखी दोघं तिथे आधीच आणलेले होते. त्यातला एक वाचला नाही. माझा भाऊ वाचला, आठ दिवसांनी त्याला उजव्या डोळ्याने बऱ्यापैकी दिसू लागलं, डावा मात्र मंदच राहिला. डॉक्टर त्याला नाही, मला म्हणाले, "पुन्हा असलं काही प्यायला तर उरलेला डोळाही राहणार नाही." ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोकत होतो. डोळा गेला म्हणजे रिक्षा गेली, आणि रिक्षा गेली म्हणजे माझा भाऊ कोपऱ्यात बसून संपणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

महिनाभर तो घरात थरथरत बसला. मग रिक्षा चालवू लागला, आणि मग संध्याकाळी उशीर करायला कारणं शोधू लागला. मी ओरडलो, आई रडली, त्याने शपथ घेतली आणि चार दिवसांत मोडली. आम्ही हात टेकले.

बिअरचं खूळ माझ्या डोक्यात सायबर कॅफेत शिरलं. धामणकर नाक्यावर एका जिन्याखाली तो कॅफे होता. मी तिथे स्टार्चबद्दल काहीतरी बघायला गेलो आणि जवापासून घरी बिअर कशी करतात ते वाचत तासभर बसलो. वाचताना मला हसू येत होतं. जव भिजवून मोड आणले की त्याच्यातच अशी ताकद तयार होते की ती त्यातला स्टार्च मोडून त्याची साखर करते. मी आयुष्यभर स्टार्च घट्ट करत आलो, इथे तो मोडायचा होता. पासष्ट अंशांवर तासभर. थर्मामीटर माझ्याकडे होता, सवयीचा हात होता. दुकानात मिळते ती बिअर का नाही, असं कोणी विचारेल. दुकानाच्या दारात त्याला उभं केलं असतं तर तो बिअरपाशी थांबला नसता. मला वाटलं, कमी ताकदीची, माझ्या हातची, संध्याकाळी सात वाजता माझ्या डोळ्यांसमोर एक बाटली. महिन्याने अर्धी. मग बंद. घरी असं करणं कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. आज लिहितानाही मला माझा तो तर्क पटतो, आणि पटतो म्हणूनच लाज वाटते.

आईला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "घरात?"

"त्याच्या डोळ्यासाठी, आई."

त्या संध्याकाळी पाचवं शील शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.

जव वाण्याकडून आणले, गोणपाटावर मोड आणले, पत्र्यावर वाळवले, मिक्सरमध्ये भरड काढली. कडवटपणासाठी लागणारी परदेशी फुलं कुठून आणणार, म्हणून काडेचिराईत टाकलं. यीस्ट बेकरीतून आणलं. पाण्याचा वीस लिटरचा जार घेतला, त्यात सगळं भरून माळ्यावर ठेवलं. जार दोन दिवस बुडबुडला आणि मग शांत झाला. मी उतावळेपणाने लगेच बाटल्या भरल्या.

ती पहिली बिअर म्हणजे गढूळ ओढा होता. बाटलीच्या तळाशी बोटभर साका, आणि बाटली जरा तिरपी केली की तो साका धूर उठावा तसा वर यायचा. भावाने ग्लास उजव्या डोळ्यासमोर धरला, मागे बोटं नेली, बराच वेळ बघितलं.

"दादा, बोटं न्हाय दिसत."

"अरे, यीस्ट आहे ते. खाल्लं तरी चालतं."

"मना न्हाय पायजे. गढूल काय बी मना न्हाय पायजे."

मी चिडलो. "ज्या दारूने तुझा डोळा घेतला ती कशी होती रे? गढूळ होती?"

"न्हाय," तो म्हणाला. "पाण्यासारखी साफ होती."

हे त्याला स्वतःलाच माहीत होतं, तरी उपयोग नव्हता. त्याच्या मनात भीती बसली होती ती दारूची नव्हे, धुक्याची. काचेत पांढरं दिसलं की ती सकाळ त्याला आठवायची. त्याने ग्लास मोरीत ओतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला तेव्हा मी त्याला दारातच अडवलं आणि त्याच्या तोंडापुढे बोटं धरली.

"किती?"

"तीन. येडा झालास का?"

मी आत जाऊन तोंड धुतलं.

त्यानंतर मी साक्याच्या मागे लागलो. दुसरं काहीच सुचत नव्हतं. हळूहळू कळत गेलं की निवळणं ही आपण करायची गोष्ट नाही, होऊ द्यायची गोष्ट आहे. बुडबुडे थांबले तरी जारला आणखी दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. थंड ठेवायचा. मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, तिचं तोंड साक्याच्या चार बोटं वर धरायचं आणि वरचं तेवढं काढून घ्यायचं, खालचं जाऊ द्यायचं. लोभ करायचा नाही. बाटलीत पुन्हा थोडा साका बसतोच, म्हणून बाटली दोन दिवस उभीच ठेवायची, ओतताना एकदाच आणि एका धारेत ओतायची, शेवटची दोन बोटं बाटलीतच सोडायची. बेकरीचं यीस्ट तळाला घट्ट धरून राहत नाही, जरा धक्का लागला की उठतं. त्यामुळे घरात माझा हुकूम सुटला की जारला कोणी, म्हणजे कोणीच, हात लावायचा नाही. आईला मी हे इतक्या वेळा आणि अशा आवाजात सांगितलं की ती माळ्याखालून जातानाही पाय न वाजवता जायची.

तिसऱ्या खेपेला जमलं. चहाच्या रंगाची, आरपार. भावाने ग्लासामागे बोटं धरली आणि मोठ्याने मोजली, "एक, दोन, तीन, चार." मग प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काढ्यासारखी लागते." मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन उगाचच पाय धुतले.

जवळजवळ तीन महिने तो रोज सातला घरी होता. एक बाटली प्यायचा, भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खायचा, आईला नाक्यावरच्या गमती सांगायचा आणि झोपायचा. आई हसायची. माझा जीव मात्र कधी थाऱ्यावर नव्हता. बाटल्या किती उरल्या, जार निवळला का, आज लाइट किती तास जाणार, हेच डोक्यात. त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंगने कहर केला होता. लूम बंद, पंखे बंद, फ्रिज असून नसल्यासारखा. पत्र्याखाली जार तापला तर साका बसणार नाही या धास्तीने मला ड्युटीवर घाम फुटायचा. पण घरी आलो की जार आश्चर्य वाटावं इतका गार लागायचा. मला वाटायचं, मी जागा बरी निवडली.

मग एकदा हिशेब चुकला. सायझिंगमध्ये काम वाढलं, मला जार लावायला उशीर झाला, आणि जुन्या बाटल्या संपत आल्या. तीन उरल्या तेव्हा नवा जार अजून निवळायचा होता. वरचा भाग चांगला उतरला होता, पण एक पुसटसा पडदा राहिला होता. आणखी आठवडा लागला असता. भाऊ रोज विचारायचा, "दादा, कवा व्हनार?" विचारताना चावी बोटात फिरवायचा. ती चावी बघून मला थांबवेना. मी ठरवलं, गाळून टाकू.

गाळायला कापड कुठलं? भिवंडीत राहून कापड कुठलं असं विचारायचं म्हणजे विहिरीत राहून पाणी शोधायचं. आमच्याच खळीच्या ताण्याचे रूळ, म्हणजे बीम, जिथे जायचे त्या लूमवरून मी दोन मीटर कोरं कापड आणलं. दाट विणीचं, ताजं, अजून ब्लीचही न झालेलं. बोटांत धरून बघितलं तर काय कडक, काय सुबक! ताण्याला माझ्या हातची खळ होती, एक धागा तुटलेला नव्हता. मला अभिमान वाटला. जंतू मरावेत म्हणून ते मी उकळत्या पाण्यात बुडवलं, पिळलं, चार पदरी केलं आणि माळ्यावर जाऊन सगळी बिअर त्यातून गाळून बाटल्या भरल्या. लाइट गेलेली होती, माळ्यावर धड दिसत नव्हतं. कापड धुऊन दोरीवर टाकलं आणि निर्धास्तपणे खाली आलो.

चौथ्या दिवशी सात वाजता पहिली बाटली उघडली. तीन दिवस उभी ठेवलेली, एका धारेत ओतलेली. ग्लासात भाताची पेज होती.

भावाने बोटं धरली. काही दिसलं नाही. त्याने हळूच ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरी बाटली उघडली. तीही तशीच. मी सगळं नीट केलं होतं याबद्दल मला कणभर शंका नव्हती. हीच माझी खोड आहे, चूक शोधायला निघालो की स्वतःचं घर सोडून सगळीकडे जातो. मी ड्युटीवर असताना घरात कोण असतं? आई. माठातलं पाणी गढूळ आलं की त्यात तुरटी कोण फिरवतं? आई. घरात हे नको होतं कोणाला?

"आई, माझ्यामागे जारला हात लावला होतास?"

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. उत्तर द्यायला तिला उशीर झाला, आणि तो उशीर मला पुरेसा झाला.

"न्हाय," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. काय टाकलंस त्यात? तुरटी? चुना? तुला पहिल्यापासून हे घरात नकोच होतं. मग तसं सांगायचं होतंस, असं चोरून नासवायचं कशाला? वर दोन वेळा शील म्हणतेस!"

हे मी बोललो. आईला बोललो. आजही हे वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

भाऊ उठून उभा राहिला. "आयवर आळ घेतोस? माझ्यासाठी आयवर आळ घेतोस तू?" त्याने ग्लास मोरीत ओतला. दुसरी बाटलीही ओतली. आई म्हणाली, "जेवून तरी जा रं." त्याने चावी घेतली. रिक्षा चालू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. तव्यावरची भाकरी जळाली.

सकाळपर्यंत तो आला नाही. मी डोक्यात राख घालून ड्युटीवर गेलो. दहा-अकराच्या सुमारास एक कापडवाला तक्रार घेऊन आला की धुऊनही त्याच्या कापडातली खळ जात नाही. अशा वेळी आम्ही आयोडीनचा थेंब टाकून बघतो, खळ असेल तर डाग निळा पडतो. मी थेंब टाकला. डाग निळाशार पडला. मी त्या डागाकडे बघत राहिलो.

आयोडीनची बाटली खिशात घालून मी तसाच घरी आलो. दोरीवरचं ते कापड वाळून अजूनही कडक होतं. उकळत्या पाण्याने त्यातली खळ गेली नव्हती, नुसती सुटी झाली होती, आणि मी तिच्यातून बिअर गाळली होती. उरलेल्यांतली एक बाटली उघडून वाटीत ओतली आणि आयोडीनचा थेंब टाकला. वाटी शाईसारखी झाली. तो पांढरा पडदा माझ्या हातचा होता. सगळ्या नारपोलीत ही चूक कोणी करू शकत होतं तर तो खळ शिजवणारा मास्टरच, ज्याला खळ इतकी अंगवळणी पडली होती की ती दिसेनाशी झाली होती. जार आठवडाभर तसाच ठेवला असता तर आपला आपण निवळला असता.

आई दाराशी उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "आई, चूक माझी होती. तू काही टाकलं नव्हतंस."

"टाकलं न्हवतं," ती म्हणाली. "पन हात लावलेला. मी खोटं बोलले."

"म्हणजे?"

"लाइट गेली का पंखा बंद, पत्रा तापं. मी दुपारची तीन-तीन वेला गोनपाट भिजवून जारला गुंडालायची. तू यायच्या आधी काढून ठेवायची. तू ओरडशील म्हनून."

तीन महिने जी बिअर मी माझ्या हुशारीने निवळली असं समजत होतो ती हिने थंड ठेवली होती, गुडघे धरत माळ्याच्या शिडीवरून चढून-उतरून. दारूला बोट लावायचं नाही असं रोज दोनदा म्हणणारी माझी आई. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "पाय नको धरू. त्याला घेऊन ये."

पडघ्याकडे जाणाऱ्या एका टेम्पोत बसून मी गेलो. त्याची रिक्षा गोडाऊनच्या भिंतीच्या सावलीत उभी होती. तो मागे एका उलट्या क्रेटवर बसला होता, शुद्धीत होता. समोर ग्लास भरलेला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. कापड, खळ, आयोडीन, गोणपाट. तो ऐकत होता. गोणपाटाचं ऐकल्यावर त्याने तोंड फिरवलं आणि थोडा वेळ रडला. मी म्हटलं, "घरी चल. आठ-दहा दिवस कळ काढ. मी दुसरा जार लावतो."

त्याने ग्लास उचलला, उन्हाकडे धरला आणि मागे बोटं नेली.

"बघ दादा. मोज."

मी मोजली नाही. पण मला दिसत होती. नखांतला ऑइलचा मळसुद्धा दिसत होता.

"चार," तो म्हणाला आणि प्यायला. मी हात धरायला हवा होता. माझा हात उचलला गेला नाही. आदल्या संध्याकाळी मी जे बोललो होतो त्यानंतर त्याला काही सांगायचा हक्कच मला उरलेला नाही असं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला अजून चीड येते.

त्या ग्लासाने काही झालं नाही. त्यानंतरच्या बऱ्याच ग्लासांनीही काही झालं नाही. मी पुन्हा जार लावला, तो चांगला निवळला, पण भाऊ सातला येईनासा झाला होता. बाटल्या माळ्यावर उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता एका सकाळी त्याने आतल्या खोलीतून मला हाक मारली. आवाज शांत होता. "दादा," तो म्हणाला, "परत धुकं हाय."

या वेळी ते हटलं नाही.

आई आणखी सहा वर्षं होती. त्या संध्याकाळचा विषय तिने एकदाही काढला नाही. पाचवं शील मात्र ती त्यानंतर अगदी हळू म्हणायची, ओठांतल्या ओठांत, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

आता घरात आम्ही दोघंच आहोत. तो पीत नाही, त्याला अड्ड्यावर नेऊन सोडणारं कोणी नाही. नळाला पाणी आलं की मी त्याला ग्लास भरून देतो. तो ग्लास हातात घेतो, पण लगेच तोंडाला लावत नाही. विचारतो, "दादा, साफ हाय ना?"

मी ग्लास त्याच्या हातातून परत घेतो, दाराच्या उजेडात धरतो, मागे माझी बोटं नेतो. चारही मोजतो. मगच हो म्हणतो.